दुसऱ्याच्या चुलीवर शिजले तरच कृती खरी



जुन्नर तालुक्यातली एक मुलगी परवा आमच्याकडे आली होती. वडील नारायणगावच्या बाजारात हमाली करतात, आई टोमॅटोच्या तोडणीला जाते. घरात कॉम्प्युटर शिकणारी ही पहिलीच. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तिने टोमॅटोच्या बाजारभावांची नोंद ठेवून तक्ते काढून देणारा प्रोग्राम केला. चार महिने खपली. नातेवाइकाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर तो बिनचूक चालायचा. परीक्षेच्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटरवर घातला, तर पडद्यावर नुसती तांबडी अक्षरे! परीक्षक म्हणाले, "घरी चालतो याचा इथे काय उपयोग?" गुण कापले गेले.

गुणांचे वाईट वाटलेच. पण तिने विचारलेला प्रश्न आम्हाला अधिक लागला. "काका, हे काम आपल्यासारख्यांचे नाहीच का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही सर्वांसमक्ष देत आहोत, कारण तो एकट्या तिचा नाही.

आपल्याकडची मासवडी घ्या. लग्न होऊन भोसरीला गेलेल्या लेकीने आईला कृती विचारली. आईने सांगितले, "बेसन घाटून घे, ओल्या फडक्यावर थाप, सारण भर, वळ, काप." लेकीने तसेच केले आणि वडी फसली. आईची कृती खोटी नव्हती. पण भाजलेले तीळ-खोबरे आणि घरचा मसाला तिच्या फडताळात कायम तयार असतो, म्हणून ते सांगायचे तिला सुचलेच नाही. लेकीच्या नव्या खोलीत फडताळच रिकामे! आईच्या स्वयंपाकघरात ही चूक जन्मात कळली नसती. ती कळायला रिकामे घर लागले.

प्रोग्रामचे अगदी असेच असते. कोणताही प्रोग्राम एकटा चालत नाही. दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग त्याला लागतात. आपण महिनोन्‌महिने एकाच कॉम्प्युटरवर काम करतो, कधीतरी एखादा भाग घालतो आणि विसरून जातो. या मुलीच्या लॅपटॉपवर तक्ते काढणारा भाग आधीपासून होता, मराठी अक्षरांचा फाँट होता, आणि माहितीच्या फाइलचा पत्ता तिच्याच फोल्डरचा लिहिलेला होता. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर यातले काहीच नव्हते. तिची बुद्धी कमी पडली नव्हती, यादी अपुरी पडली होती. "माझ्याकडे तर चालते" हे वाक्य या धंद्यात इतके जुने आहे की मोठमोठे इंजिनिअरही ते एकमेकांना चिडवायला वापरतात.

यावर जाणत्यांनी उपाय काढला तो रिकाम्या खोलीचा. डेबियन ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केली. तिच्यात हजारो प्रोग्रामांची पॅकेजे असतात. पॅकेज बांधताना कॉम्प्युटरच्या आतच एक कोरी खोली तयार करतात. तिच्यात फक्त अगदी मूलभूत सामान असते. बाकी जे लागेल त्याची यादी पॅकेजबरोबर लिहिलेली असावी लागते. यादीतले तेवढेच आत येते. बांधकाम चालू असताना इंटरनेटवरून काही ओढून आणायला डेबियनच्या नियमानुसार मनाई आहे. काम झाले की खोली मोडून टाकतात, पुढच्या पॅकेजला पुन्हा नवी. यादीत एक नाव राहिले तरी बांधकाम तिथेच अडते. चूक गिऱ्हाइकाच्या घरी न कळता आपल्याच घरी कळते, हा फायदा. फेडोरा या दुसऱ्या प्रणालीतही 'मॉक' नावाच्या साधनाने हेच करतात.

पण खोली कोरी असली म्हणजे सगळे निर्धोक झाले, असे समजू नये. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्राममध्ये कोणीतरी चोरवाट घालून ठेवल्याचे उघड झाले. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन होताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले, म्हणून तो खोदत गेला आणि चोरी सापडली. चोरवाटेची गुरुकिल्ली सर्वांना दिसणाऱ्या मूळ लिखाणात नव्हती, वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढी घुसवली होती. पिठातच खडे असतील तर चूल स्वच्छ असून काय होणार? दोन वेगळ्या ठिकाणी तेच पॅकेज बांधून दोन्ही अक्षरशः सारखी निघतात का, हे ताडून पाहण्याचे काम डेबियनमध्ये २०१३ पासून चालले आहे.

हे सगळे परदेशातले वाटेल. पण नारायणगावहून खोडदला जा. शेतांमधून उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या जाळीच्या तबकड्या पाहा. अशा तीस आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी टिपते. ती इथेच का बांधली? त्याच्या कारणांपैकी एक म्हणजे, शहराचा रेडिओ गोंगाट इथे कमी पोचतो आणि डोंगरांचा आडोसा मिळतो. पाहायला गेलात तर मोबाइल बंद करायला सांगतात. बाहेरचे काही मिसळले, तर आकाशाचे कोणते आणि मोबाइलचे कोणते हे ओळखणे अवघड होते. आपले जे आहे ते नेमके कळायचे तर आधी बाहेरचे बाहेर ठेवावे लागते. रिकाम्या खोलीमागेही हाच विचार आहे.

आता आपल्या मुलामुलींसाठी कामाचे. पायथन शिकत असाल तर त्यात २०१२ पासून 'व्हेन्व्ह' ही सोय फुकट आहे. प्रत्येक प्रकल्पाला वेगळी खोली करून मिळते. मात्र ती पायथनच्या भागांपुरतीच. फाँट आणि फाइलींचे पत्ते आपणच पाहायचे. अख्खी खोली हवी तर 'डॉकर' आहे. आणि यातले काहीच जमले नाही, तर परीक्षेच्या आठ दिवस आधी ज्याच्याकडे तुमचे काहीच नाही अशा मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवून पाहा. अडेल तिथे नाव यादीत लिहा. यादी प्रकल्पाबरोबर द्या.

त्या मुलीने आमच्यासमोर बसून तेच केले. कोऱ्या खोलीत प्रोग्राम तीन वेळा अडला, तीन गोष्टी यादीत चढल्या, चौथ्या वेळी तक्ता उमटला. गेलेले गुण काही परत आले नाहीत. पण तीच यादी घेऊन ती दुसऱ्या दिवशी नोकरीच्या मुलाखतीला गेली. आईबापांनो, लेकरू "माझ्याकडे तर चालत होते" म्हणत रडत घरी आले, तर ते खोटे बोलत नाही. त्याला रागावू नका. यादीत काय राहिले, एवढेच त्याच्याबरोबर बसून शोधा.