भंडारदऱ्याच्या पाण्याला वळसा

सह्याद्रीतलं तळं म्हणून आपण ज्याचे फोटो काढतो, ते बहुतेक ठिकाणी धरणाचं पाणी असतं. हिमालयात, आल्प्समध्ये हिमनद्यांनी खळगे कोरले आणि त्यांत सरोवरं झाली. आपल्याकडे हिमनदी नाही; काळा कातळ आहे आणि चार महिन्यांचा पाऊस. पाणी पडतं आणि धावत सुटतं. कुणी भिंत घातली तरच थांबतं. पवना, मुळशी, वरसगाव, भंडारदरा, सगळ्यांची जन्मकथा हीच. त्यामुळे अशा पाण्याकाठी गाडीतून उतरायचं, भाजलेलं कणीस खायचं आणि परत फिरायचं, हे मला पटत नाही. पाण्याला वळसा घालावा, त्याच्या वरच्या डोंगरावर चढावं आणि पोहता येत असेल तर त्यात उतरावं. मग ते कुणाचं आहे, कुठून आलं आणि कुठे चाललंय, हे अंगाला कळतं.

भंडारदऱ्याला या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी होतात. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९१० च्या सुमारास बांधायला घेतलं आणि १९२६ साली पूर्ण झालं. भिंत दगडी, उंची ८२ मीटरच्या आसपास, पोटात अकरा टीएमसी पाणी. मागच्या जलाशयाला इंग्रजांच्या काळापासून आर्थर लेक म्हणतात. पाणी अडतं अकोले तालुक्यातल्या आदिवासी गावांत आणि पिकं उभी राहतात खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या भागांत. पुढे १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना लोणीला उभा राहिला, त्याच्या मुळाशीही हेच पाणी आहे. नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ती याच नदीच्या काठी.

सायकलची फेरी शेंडीहून सुरू करावी. मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, मग साम्रद, घाटघर आणि उडदावणे, पांजरे, मुरशेत करत पुन्हा शेंडी. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा हा रस्ता गाडीने दोन तासांत उरकतो आणि हाती काही लागत नाही. सायकलवर प्रत्येक ओढ्याशी चढउतार जाणवतो, कारण खाचरांतून उतरणारा प्रत्येक ओढा या पाण्यातच जाऊन मिळतो. ऑक्टोबरात भात पिवळं पडायला लागतं, तेव्हा रस्ताभर त्याचा वास असतो. घाटघरला रस्ता सह्याद्रीच्या कड्याशी येतो. पुढे जमीनच नाही, खाली थेट कोकण. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस झेलणारं हे गाव. तेवढ्या पावसाच्या गावांतही उन्हाळ्यात बायकांना हंडे घेऊन लांब चालावं लागतं, आणि खाली कालव्याला आवर्तन सुटलेलं असतं. सायकलवरून उतरून त्यांच्याबरोबर दोन शब्द बोललं की हा हिशोब कागदावर वाचावा लागत नाही.

धरणांची ही बाजू जुनी आहे. मुळशीच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांसाठी १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, त्यातूनच पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले. आज मुळशीच्या काठी रिसॉर्टच्या खुर्चीत बसून सूर्यास्त बघणाऱ्या किती जणांना हे कुणी सांगतं?

रतनवाडीला सायकल ठेवावी आणि रतनगड चढावा. पायथ्याला अमृतेश्वराचं कोरीव मंदिर, त्याच्याजवळ कोनाड्यांत मूर्ती असलेली पुष्करणी. प्रवरेचा उगम याच डोंगराच्या कुशीतला. वाट आधी नदीच्या पात्राशेजारून, मग दाट रानातून चढते आणि शेवटी कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्यांशी येते. शनिवार-रविवारी शिड्यांवर रांग लागते, म्हणून शक्यतो मधल्या वारी जावं. माथ्यावरच्या नेढ्यात, म्हणजे कातळाला आरपार पडलेल्या त्या भोकात, बसलं की वारा उठवून लावायला बघतो. एका बाजूला अलंग, मदन, कुलंग आणि पलीकडे कळसूबाई. खाली अख्खा जलाशय, बोटं पसरलेल्या हातासारखा. ती बोटं म्हणजे बुडालेल्या ओढ्यांची खोरी. सकाळी ज्यांचे चढउतार पायांनी मोजले, तेच वरून दिसतात.

आता पोहणं. धरणाचं पाणी विहिरीसारखं नसतं आणि तलावासारखंही नसतं. उन्हाळ्याच्या तोंडी वरचा थर छातीपर्यंत कोमट लागतो आणि पाय खाली सोडले की घोटे एकदम गारठतात. वरचं पाणी तापून हलकं होतं, थंड पाणी खालीच बसून राहतं. पाणी ओसरलेलं असलं तर काठाचा गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो. पाऊल टाकलं की पिंढरीपर्यंत आत जातो आणि पाय ओढताना चप्पल त्याच्याकडेच राहते. गाळातून जुने बांध डोकं काढतात. कुणाच्या तरी खाचराचे बांध आहेत हे, शंभर वर्षांपूर्वीचे. पाण्यात असताना ते दिसत नाहीत, गुडघ्याला लागतात. तळ कुठे सरळ आहे आणि कुठे नदीच्या मूळ पात्रात एकदम खोल जातो, हे वरून ओळखता येत नाही. मी काठाला समांतर पोहते, कमरेला भगवा फुगा बांधते आणि गावातल्या कुणाला तरी विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालत नाही. भिंतीच्या आणि सांडव्याच्या आसपास तर फिरकतच नाही. पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही म्हणजे नाही.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. बंदीचे आदेश निघाले आणि दर पावसाळ्यात निघतात. पावसाळ्यातली बंदी योग्यच आहे. पण बाकीच्या महिन्यांतही आपल्याकडे व्यवस्था म्हणून असते ती फक्त 'पोहण्यास सक्त मनाई' अशी पाटी. पाटीमागून पोरं उतरतातच, आणि ज्यांना पोहता येत नाही तीच आधी उतरतात. झ्युरिकच्या सरोवराकाठी पोहण्याच्या सार्वजनिक जागा आहेत: हद्द आखलेली, पाण्यात तराफे, काठावर जीवरक्षक. ते श्रीमंतीचं काम आहे असं म्हणून सोडून देण्याचं कारण नाही. दोर, तरंगते फुगे, एक होडी आणि शिकलेली चार माणसं, एवढाच तर खर्च. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या नाक्यावर आपण प्रवेश शुल्क भरतोच, त्यातला वाटा याला का जाऊ नये?

आणि माणसं बाहेरून आणायची गरज नाही. या काठच्या महादेव कोळी आणि ठाकर घरांतली मुलं पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली असतात. कुणी बुडालं की पोलीस पहिल्यांदा त्यांनाच हाक मारतात, आणि ती जीव धोक्यात घालून शोध घेतात, बहुतेक वेळा फुकट. त्यांना जीवरक्षकाचं रीतसर प्रशिक्षण द्यावं, गणवेश द्यावा, महिन्याचा पगार द्यावा. काजव्यांच्या दिवसांत गर्दी करणारे पर्यटक पंधरा दिवसांत निघून जातात. पोहायला येणारे पाणी निवळल्यापासून मार्चपर्यंत येत राहतील, गावात राहतील, नाचणीची भाकरी आणि पिठलं मागून खातील.

सुरुवात एका जागेपासून झाली तरी चालेल. ती जागा मात्र ऑफिसात बसून ठरवू नये. मे महिन्यात पाणी अगदी तळाला जातं, तेव्हा रतनवाडी, मुतखेल, पांजरे इथल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर घेऊन काठ चालत बघावा लागेल: तळ कुठे खचतो, जुने बांध कुठे आहेत, झाडांचे बुंधे कुठे राहिलेत. तसा नकाशा आधी तयार व्हावा, आणि नोव्हेंबरात त्यावर बोट ठेवून दोर बांधायला घ्यावा.