पाण्यातले पेट्रोल हवेने निघते, पण ती हवा जाते कुठे?

चेन्नईच्या तोंडियारपेट भागात २०१३ साली बोअरवेलच्या पाण्यात पेट्रोल उतरले. जमिनीखालून जाणारी तेलवाहिनी गळत होती. पेट्रोल पंपाची जुनी टाकीही अशीच गळू शकते. गळती बुजवली तरी जमिनीत मुरलेले पेट्रोल वर्षानुवर्षे भूजलात झिरपत राहते.

डॉक्टर म्हणून मला त्यातल्या बेन्झीनची सर्वाधिक धास्ती वाटते. ते अस्थिमज्जेला इजा करते आणि त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. आपल्या पेट्रोलमध्ये बेन्झीन १ टक्क्यापर्यंत चालते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमधले बेन्झीन आठ लाख लिटरांहून अधिक पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकते.

अशा जागी वापरला जाणारा एक उपाय म्हणजे भूजलाच्या पातळीखाली नळीने हवा सोडणे. वर चढणाऱ्या हवेबरोबर पाण्यातली उडून जाणारी द्रव्ये निघतात, शिवाय प्राणवायू मिळाल्याने पेट्रोल पचवणारे जिवाणू जोमाने कामाला लागतात. पाण्यावर तरंगणारा पेट्रोलचा थर मात्र आधी उपसावा लागतो, नाहीतर हवेच्या दाबाने तो आणखी पसरतो.

खरी मेख पुढे आहे. वर आलेली वाफ पंपाने ओढून कोळशाच्या गाळणीतून सोडली नाही, तर ती फरशीच्या भेगांतून घरात शिरू शकते. पाण्यातले विष श्वासात गेले, तर साधले काय? हवा सोडणारा पंप हा निम्माच खर्च. ठेकेदाराला उरलेल्या निम्म्याबद्दल आवर्जून विचारायला हवे.

वाळूच्या जमिनीत ही पद्धत चांगली चालते. आपल्या दख्खनच्या कातळात हवा भेगांमधून वाट काढते आणि बराच भाग तसाच राहतो. पंप थांबवल्यावर काही महिन्यांनी बेन्झीन पुन्हा वाढलेले दिसते, ते यामुळेच. म्हणून काम संपल्याच्या दिवशीचा अहवाल पुरेसा मानू नये, पुढचे निदान वर्षभर नमुने तपासावेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये नव्या पंपांना शाळा, रुग्णालये आणि वस्तीपासून साधारण ५० मीटर अंतराची अट घातली. वस्तीत आधीपासून असलेल्या पंपांजवळच्या विहिरींची नियमित तपासणी व्हायला हवी.

पाण्याला पेट्रोलचा वास आला तर ते उकळत बसू नका. बेन्झीन वाफेबरोबर स्वयंपाकघरात पसरते. त्या पाण्याने आंघोळही नको. बोअरवेल बंद ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या.