श्रद्धेवाचून मध्ययुग

संपादक महाशयांस,


आपल्या गेल्या अंकातील लेखात ‘कॅडफेल’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचा गौरव करताना असा अभिप्राय नमूद झाला आहे की, मठ, वेशभूषा आणि शस्त्रास्त्रे त्या काळची दिसली म्हणजे मूळ कादंबऱ्यांना न्याय मिळाला. हा अभिप्राय मला मान्य नाही.

एडिथ पार्जेटर यांनी ‘एलिस पीटर्स’ या टोपणनावाने १९७७ ते १९९४ या काळात लिहिलेल्या या २० कादंबऱ्यांत खुनाचा छडा हे निमित्त आहे. खरा विषय आहे तो राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मॉड यांच्या तख्ताच्या तंट्यात होरपळणाऱ्या बाराव्या शतकातील इंग्लंडचे अंतःकरण. त्यांपैकी एकीत श्रूजबरीचा किल्ला सर झाल्यावर राजाच्या हुकमाने फाशी दिलेल्या ९४ जणांचे देह दफनासाठी मोजताना कथानायक भिक्षू कॅडफेलला पंचाण्णवावा देह आढळतो, आणि राजाज्ञेने एवढी कत्तल झाली असताही त्या एका बेवारस खुनाची तहकीकात तो धर्मकर्तव्य मानतो. हा प्रसंग मालिकेने राखला, आणि कॅडफेलच्या भूमिकेत डेरेक जेकबी यांनी तो संयमाने वठवला, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो.

परंतु याच मालेतील ‘द पिल्ग्रिम ऑफ हेट’ या कादंबरीची गत पाहावी. तीत लंगडा मुलगा रून संत विनिफ्रेडच्या वेदीपुढे कुबड्या टाकून खरोखरच चालू लागतो. आणि तिथल्या अस्थिपेटीत संतिणीच्या अस्थी मुळीच नाहीत, हे पक्के ठाऊक असलेला कॅडफेल त्या कृपेपुढे नतमस्तक होतो. संशय आणि भक्ती एकाच हृदयात नांदल्याचे असे चित्रण रहस्यकथेत दुर्मिळ होय. मालिकेतील १९९८ च्या रूपांतराने मुलाचे नाव बदलले आणि त्याचे पंगुत्वही सोंग ठरवले.

आजचा प्रेक्षक चमत्कार मानत नाही, असा युक्तिवाद यावर होईल. पण कादंबरी वाचकाकडे विश्वास मागत नाही. ज्यांचा विश्वास होता त्यांना समजून घेण्याची उदारता तेवढी मागते, आणि इतिहासाच्या अभ्यासाची पहिली अटही तीच आहे. ती नाकारून केलेले रूपांतर म्हणजे विसाव्या शतकातील माणसांना चढवलेले झगे होत.

तेव्हा अशा मालिकांचे परीक्षण छापताना, त्या काळाची श्रद्धा त्यांनी जपली की नाही, हा प्रश्न समीक्षकांनी प्रथम विचारावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला,
एक वाचक