मुक्या यंत्राची भाषा

पुष्कळ वाचकांच्या घरीं "आतां जुना झाला" म्हणून कपाटावर ठेवलेला एखादा लॅपटॉप असेल. आमच्याकडेही होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल संपली, आणि विंडोज ११ बसविण्यास आमचा लॅपटॉप अपात्र ठरला. धाकटी नात नुकतीच महाविद्यालयांत गेलेली. नवा घ्यावयाचा तर आमच्या पेन्शनचे दोन महिने त्यांतच जावयाचे. तेव्हां पुतण्यानें त्याच लॅपटॉपवर लिनक्सच्या कुळांतील डेबियन ही मुक्त प्रणाली बसविली. या कुळाचा गाभा हेल्सिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं प्रसिद्ध केला. तो कोणासही वाचतां येतो आणि सुधारतांही येतो.

सर्व कांहीं सुरळीत चाललें. वायफाय मात्र दिसेना. दुकानदार म्हणाले, "मास्तर, कार्ड गेलें. आतां नवाच लॅपटॉप घ्या." नातीचें तोंड उतरलें.

आम्हांस शंका आली कीं, काल विंडोजवर चालणारें कार्ड आज एकाएकीं कसें जाईल? आणि खरोखरच तें गेलें नव्हतें. कार्डाशीं बोलण्यास प्रणालीला ड्रायव्हर नांवाचा दुभाष्या लागतो. शिवाय पुष्कळ कार्डांना चालूं होतांना फर्मवेअर नांवाचा एक लेख आंत भरून द्यावा लागतो. उत्पादकानें आपल्या कार्डाची भाषा गुप्त ठेवली, तर मुक्त प्रणालीला दुभाष्या मिळावा कोठून?

या प्रश्नाचें उत्तर ब्रॉडकॉम कंपनीच्या जुन्या कार्डांच्या इतिहासांत सांपडतें. त्या कार्डांची माहिती लिनक्सकारांना उपलब्ध नव्हती. तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं दोन तुकड्या केल्या. एकीनें कंपनीचा तयार ड्रायव्हर उलगडून कार्डाच्या वर्तनाचें वर्णन लिहिलें. दुसरीनें मूळ ड्रायव्हरकडे न पाहतां केवळ त्या वर्णनावरून नवा रचला. नक्कल केल्याचा आरोप येऊं नये म्हणून ही सोवळ्याची व्यवस्था! हा ड्रायव्हर २००६ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत दाखल झाला. पुढें २०१० सालीं खुद्द कंपनीनेंच आपल्या कांहीं नव्या कार्डांचा ड्रायव्हर खुला केला. पाणिनीनें संस्कृत भाषा निर्माण केली नाहीं. चालत्या भाषेचे नियम त्यानें शोधून बांधले. या मंडळींनींही मुक्या यंत्राचें व्याकरणच लिहिलें, असें आम्हांस वाटतें.

आमच्या कार्डाचा उत्पादक कोण, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. उपाय मात्र सांगतों. नातीनें टर्मिनल उघडून 'एलएसपीसीआय -एनएन' ही आज्ञा दिली. उत्तरांत कार्डाच्या नांवापुढें चार-चार अक्षरांचे दोन संकेत आले. पहिला उत्पादकाचा, दुसरा त्या नमुन्याचा. गोत्र आणि नांवच म्हणा ना! मग 'डीमेसेज' या आज्ञेनें गाभ्याची रोजनिशी वाचली. तींत स्पष्ट नोंद होती कीं, ड्रायव्हर हजर आहे, परंतु अमुक फर्मवेअर मिळालें नाहीं. २०२३ सालच्या डेबियन १२ पासून पुष्कळसें फर्मवेअर प्रणालीबरोबरच येतें. कांहीं मात्र परवान्याच्या अटींमुळें अद्यापि वेगळें आणावें लागतें.

येथें खरा पेंच पडला. फर्मवेअर आणावयाचें इंटरनेटवरून, आणि इंटरनेट यावयाचें फर्मवेअर मिळाल्यावर! न्यायशास्त्रांत यास अन्योन्याश्रय म्हणतात, असें आम्ही म्हणत आहों तोंच नात म्हणाली, "आजोबा, शास्त्र राहूं द्या, तुमचा फोन द्या." तिनें फोन केबलनें लॅपटॉपला जोडला आणि फोनमध्यें यूएसबी टेदरिंग सुरू केलें. फोनचेंच इंटरनेट लॅपटॉपला मिळालें. फर्मवेअर उतरवून घेतलें, लॅपटॉप बंद करून पुन्हां सुरू केला, आणि शेजाऱ्यांच्या वायफायसकट सगळीं नांवें पडद्यावर उमटलीं.

वाचकांस आमची विनंति इतकीच. घरांतील यंत्र बोलेनासें झालें तर त्यास मेलें म्हणण्यापूर्वीं त्याचें गोत्र आणि नांव विचारा. नवें घेतांना त्याची भाषा आपल्या प्रणालीस येते कीं नाहीं, हेंही आधीं पाहा. चाळीस वर्षें शिकवितांना कांहीं गप्प मुलांना आम्हीं मठ्ठ ठरविलें होतें. त्यांचीं नांवें त्या रात्रीं एकेक आठवत होतीं. असो.