मणिबेलीच्या वाट्याची वीज

माननीय मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,


निवडणूक आली की नंदुरबार जिल्ह्यातले नर्मदाकाठचे मणिबेली प्रशासनाला बरोबर सापडते. राज्यातले पहिल्या क्रमांकाचे मतदान केंद्र इथलेच. यंत्रे आणि कर्मचारी नर्मदेच्या पाण्यातून बोटीने येतात. मतासाठी होणारी ही धावपळ अडलेल्या बाळंतिणीसाठी का होत नाही? अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून माणसे आजही बांबूच्या झोळीत घालून उतरवावी लागतात, हे आपण जाणता.

सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातून सर्वांत आधी बुडाले ते मणिबेली, १९९३ च्या पावसाळ्यात. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ सालीच ठरवून दिले होते की धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. प्रकल्प १४५० मेगावॅटचा. त्या वाट्यापायी आपल्या राज्याने ३३ आदिवासी गावांची जमीन, जंगल आणि नदी देऊन टाकली. मग तारा ओढताना या गावांचा क्रमांक शेवटचा कसा लागला?

धडगाव तालुक्यातल्या बिलगावची गोष्ट तर मला विसरताच येत नाही. शासनाची वाट पाहून थकलेल्या आदिवासींनी केरळच्या तरुण अभियंत्यांच्या मदतीने, श्रमदान करून, धबधब्यावर १५ किलोवॅटचा वीजप्रकल्प उभारला. २००३ साली गावात दिवे लागले. शाळेत लागले, घरांत लागले. २००६ साली धरणाच्या फुगवट्याने तो प्रकल्पच गिळला. लोकांनी स्वतः केलेली वीज बुडवायची आणि धरणाची त्यांना द्यायची नाही, हा कुठला न्याय? तसाच प्रकल्प पुन्हा बांधून देणे शासनाचे कर्तव्य नव्हते का?

रस्त्यांचेही तेच. जलाशयाने काठाच्या जुन्या पायवाटा बुडवल्या; बाजार, दवाखाना, कचेरी, सगळे बोटीवर आले. २०२१ पासून दादरहून थेट धरणाजवळच्या केवडियापर्यंत रेल्वे जाते, पर्यटक धरण पाहून येतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपण पूर्ण केलात. तेव्हा पैसा नाही, तंत्रज्ञान नाही, डोंगर अवघड आहे, ही कारणे आता आम्हाला सांगू नयेत. घाट फोडून बोगदे काढणाऱ्या राज्याला सातपुड्यातली एक वाट जड जाते, यावर विश्वास कसा ठेवायचा?

आजवर महाराष्ट्राला या धरणातून किती वीज मिळाली आणि त्या ३३ गावांतल्या कोणत्या पाड्यांवर ती पोचली, याचा हिशेब जाहीर करावा. या गावांपर्यंतचा रस्ता कोणत्या तारखेला पूर्ण होणार, तेही लेखी द्यावे. उत्तर मंत्रालयातून टपालाने नको. आपण मणिबेलीच्या ग्रामसभेत येऊन, लोकांसमोर ते वाचून दाखवावे.

आपला,
नंदुरबार जिल्ह्यातील एक नागरिक