वाचनाचा रोजमेळ

पावसाळ्यापूर्वीची आवराआवर करताना परवा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उघडली आणि लाल कापडी बांधणीच्या माझ्या जुन्या वह्या निघाल्या. वडील जालन्याच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. दिवाळीत दुकानाच्या चोपड्या आल्या, की एखादी जास्तीची वही आमच्या घरी येई. १९७५ साली ती माझ्या हाती ठेवून ते म्हणाले, "वाचनालयातून पुस्तकं आणतोस अन् परत करतोस. जमेला काय पडलं ते दिसत नाही. लिहीत जा."

पान त्यांनीच आखून दिले. तारीख, पुस्तक, लेखक, कोणाकडून आणले आणि शेवटचा रुंद रकाना 'काय वाटले'. त्यात तीन ओळींपेक्षा जास्त लिहायचे नाही, हा त्यांचा दंडक.

पहिल्या वर्षाच्या नोंदी आज वाचताना हसू येते. 'फार सुंदर', 'अप्रतिम', पुन्हा 'फार सुंदर'! त्या पुस्तकांत काय सुंदर होते, हे आता आठवत नाही आणि वही सांगत नाही. वडिलांनी एकदा ती चाळली आणि एवढेच विचारले, "सगळ्या मालाला एकच भाव लावलास?" त्यानंतर मी खरे लिहू लागलो.

खरे लिहिले म्हणजे बरोबरच लिहिले असे नाही. १९७७ मध्ये व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'पुढे मी लिहिले आहे : 'छोटी कादंबरी. फारसे काही घडत नाही.' तीच कादंबरी २०१३ च्या उन्हाळ्यात पुन्हा वाचली. त्या वर्षी जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा पाण्यावाचून वाळल्या. टँकरच्या पाण्यावर झाडे जगवता जगवता आमच्या भावानेही अखेर बागेवर कुऱ्हाड चालवली. त्या महिन्यातली नोंद अशी : 'दुष्काळ आला, गाव उठले. शेवटची पाने एका बैठकीत वाचवली नाहीत.' परवा दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. पुस्तकातले अक्षरही बदलले नव्हते. छत्तीस वर्षांत माझे काय झाले, ते मात्र त्या चार वाक्यांत मावले होते.

अशा टिपणांची किंमत मराठीने ओळखलेली आहे. कवी सतीश काळसेकर यांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तुमच्या-माझ्या नोंदींना कोणी पुरस्कार देणार नाही. पण घरातल्या माणसांसाठी त्यांचे मोल निराळेच असते, हे मला त्याच पहिल्या वहीने दाखवले.

आई चौथीपर्यंत शिकलेली. मी आणलेले प्रत्येक पुस्तक ती दुपारी, भांडीकुंडी आटोपल्यावर, उंबऱ्याशी बसून वाचायची. वाचून तिला काय वाटले, हे आमच्यापैकी कोणी कधी विचारले नाही. १९७६ च्या एका पानावर 'श्यामची आई'पुढे माझी ओळ आहे : 'डोळे भरून आले.' आणि पानाच्या कडेला, समासात, पेन्सिलीने, आईच्या अक्षरात : 'फार थोर माउली. पण तिला एक दिवस तरी विसावा मिळायला पाहिजे होता.'

साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण पहाटेपासून चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा हा अभिप्राय माझ्या वाचनात कुठे आला नव्हता. माझ्याच वहीत तो इतकी वर्षे पडून होता. आईला जाऊन बारा वर्षे झाली. आता विचारायचे कोणाला?

आमच्याच जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवर आहे. कागदाच्या भोवती जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर शाबूत राहते, इतका बारीक विचार समर्थांनी त्यात केला आहे. माझी अक्षरे तशी शाबूत आहेत. आईची ओळ नेमकी झडणाऱ्या कडेला आहे. म्हणून परवा रात्री मी ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर, मधोमध, शाईने उतरवून घेतली.

आता फोनवरही वाचलेल्या पुस्तकांची यादी ठेवता येते आणि तारे देता येतात. त्याला माझी हरकत नाही. मात्र तारे देणे म्हणजे पुन्हा भाव लावणेच झाले. सोबत आपले एखादे वाक्य हवे. पुस्तक आवडले नसेल तर का आवडले नाही, अर्धे टाकले असेल तर कोणत्या पानावर टाकले, तेही लिहावे. मोठ्या नावाला भिऊन खोटे लिहू नये. ही वही कोणाला दाखवायची नसते.

आणि ती कपाटात कुलपात ठेवू नये. घरातल्या सर्वांचा हात पोहोचेल अशा जागी ठेवावी, शेजारी पेन ठेवावे. आज रविवार आहे. दुपारच्या जेवणानंतर घरात जो कोणी पुस्तक घेऊन बसेल, त्याला, आणि विशेषतः तिला, एवढेच विचारावे : "काय वाटलं?" उत्तर येईल ते तिच्याच हाताने लिहून घ्यावे. समासात नव्हे, पानाच्या मधोमध.