अनुभवाची जमा
बँकेत नोकरी झाल्यामुळे ‘क्रेडिट’ म्हटले की मला जमा-नावेच आठवते. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकांची बँक काढली. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने शिकण्याच्या ३० तासांना एक श्रेयांक ठरवला. कामाचा अनुभवही धरला, मात्र मूल्यमापन करूनच. अट रास्त आहे. तारण न पाहता कर्ज कोण देतो? पण दागिना पारखायला आम्ही सराफ बोलवीत असू, कारकून नव्हे! वीस वर्षे लेथवर उभ्या असलेल्या कामगाराचा हात कोण पारखणार? यंत्राला कधी न शिवलेला प्राध्यापक? त्याने लेखी पेपरच काढला, तर दहावीच्या गणितात अडलेला तो माणूस पुन्हा तिथेच अडेल आणि त्याच्या हाताखाली शिकलेला पदविकाधारक त्याचा साहेब होईल.